वईवरची फुलं : तारकर्लीच्या वाळूतला बारमाही बगिचा

आजचा भाग नेहमीच्या खोलीत बसून नाही, तारकर्लीच्या आमच्या घराच्या पडवीत बसून रेकॉर्ड केलाय. त्यामुळे मागे जी गाज ऐकू येते ती समुद्राची, आणि मध्येच जो खणखणाट होईल तो काकीच्या भांड्यांचा. लिखित रूपात वाचणाऱ्यांनी दोन्ही मनाने घालून घ्यावेत.

इथे यायला कारण एका फोनचं. माझा चुलतभाऊ, दादा, इथेच राहतो. त्याला घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आहेत. फोनवर म्हणाला, "चिऱ्यांची गाडी कधी सांगू? मिरगाच्या आधी गडगो होवक व्हयो." गडगा म्हणजे जांभ्या दगडाची बुटकी भिंत. चारी बाजूंनी गडगा, आत मेक्सिकन ग्रासचं लॉन, कडेला नर्सरीतून आणलेल्या एक्झोरा आणि ड्युरांटाच्या रांगा. त्यासाठी जुनी वई काढायची. घर सामायिक, त्यामुळे माझा होकार हवा. मी पंधरा दिवस मागून घेतले.

वई हा शब्द घाटावरच्या ऐकणाऱ्यांना नवा असेल. वई म्हणजे कुंपण, पण तारेचं किंवा दगडाचं नव्हे. झाडांचं, काठ्यांचं, काटेरी फांद्यांचं आणि वेलींचं. आज तिचाच इतिहास सांगायचाय, आणि तो सांगायला मला आधी इंग्लंडला जावं लागणार आहे. कारण माझी चूक तिथून सुरू झाली.

मुनस्टेड वूड नावाचं घर, लंडनच्या नैऋत्येला सरे परगण्यात. तिथे गर्ट्रूड जेकिल नावाची बाई राहायची. जन्म 1843, मृत्यू 1932. शिकली चित्रकला, भरतकामही करायची, पण दृष्टी फार अधू होत गेली आणि बारीक काम हातातून सुटलं. मग तिने रंग जमिनीत लावायला सुरुवात केली. तिच्या घरचा मुख्य 'बॉर्डर' दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद होता. बॉर्डर म्हणजे भिंतीच्या किंवा वाटेच्या कडेने जाणारा फुलझाडांचा पट्टा. टोकांना निळे, पांढरे, फिकट पिवळे रंग, मध्याकडे येताना केशरी आणि भडक लाल, आणि पुन्हा उतरत फिक्याकडे. 1908 साली तिने या सगळ्यावर 'कलर इन द फ्लॉवर गार्डन' हे पुस्तक लिहिलं.

तिच्या आधीची पद्धत वेगळी होती. काचगृहात वाढवलेली हंगामी रोपं आणायची, गालिच्यासारखी मांडायची, हंगाम संपला की उपटायची आणि नवी लावायची. विल्यम रॉबिन्सनने 1883 मध्ये 'द इंग्लिश फ्लॉवर गार्डन' लिहून या उपटाउपटीवर झोड उठवली. त्याचं आणि जेकिलचं म्हणणं साधं होतं: बहुवर्षायू झाडं लावा. म्हणजे जी वरून मरतात पण मुळाशी जिवंत राहतात आणि दरवर्षी स्वतःहून परत येतात. मग प्रश्न एवढाच उरतो, की कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं, म्हणजे एकाचा बहर सरताना दुसऱ्याचा सुरू होईल.

मी हे पुस्तक वाचलं आणि झपाटले. 2018 च्या दिवाळीत डेल्फिनियम आणि ल्युपिनचं बी मागवून तारकर्लीच्या वाळूत पेरलं. काही उगवलं, वीतभर झालं, फेब्रुवारीत माना टाकल्या, मार्चमध्ये काडीही सापडेना. काकी तेव्हा काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा समजावं.

चूक माझी. ती झाडं थंडीत झोपतात. बर्फाखाली जमीन गोठते, तेव्हा वरचं सगळं सोडून ती मुळात जाऊन बसतात, आणि त्या झोपेवरच पुढचा बहर अवलंबून असतो. तारकर्लीची थंडी म्हणजे पहाटे शाल घ्यावी इतकीच. इथे झाडाने झोपायचं कधी?

आता गंमत बघा. इथेही झाडं झोपतात, फक्त उन्हाळ्यात. सिंधुदुर्गात पाऊस सुमारे तीन हजार मिलिमीटर, पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने वाळू पाणी धरत नाही. म्हणून कळलावी, पेव, रानहळद ही मंडळी पावसाबरोबर वर येतात, फुलतात, आणि पावसामागोमाग सुकून जमिनीतल्या कंदात परत जातात. मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही त्या जागेवर उभे राहिलात तर पायाखाली काही आहे असं वाटणारसुद्धा नाही. इंग्लंडमधल्या माळ्याचा जानेवारी तो आमचा एप्रिल. मृगाचा पाऊस पडला की तिकडचा वसंत इकडे सुरू.

काही झाडं तर पावसाचीही वाट बघत नाहीत. मे फ्लॉवर नावाचा लाल चेंडू आत्ता, मी बोलतेय तेव्हा, पायरीशी उघडलाय. एकही पान नाही, जमिनीतून थेट दांडा आणि वर फूल. भुईचाफाही तसाच, आधी फूल, मग पाऊस, मग पान. जेकिलबाईला हे दाखवायला हवं होतं.

तर मंडळी, पुस्तक चुकीचं नव्हतं, माझं कॅलेंडर चुकीचं होतं. आणि बरोबर कॅलेंडर वापरून लावलेला बॉर्डर माझ्या दारातच होता, तोच दादाला काढायचाय.

आमची वई आता मोडकळीला आलीय, पण ती कशी बांधतात ते मला लहानपणापासून आठवतं. पाऊस सरला, भात कापून झालं, की गुरं मोकळी सुटायची. ती आत शिरू नयेत म्हणून वईची डागडुजी. जाड खुंट रोवायचे पांगाऱ्याचे, भेंडीचे, अलीकडे गिरीपुष्पाचे. ही निवड काही उगाच नव्हे. या झाडांची तोडलेली फांदी जमिनीत ठोकली तरी तिला मुळं फुटतात. म्हणजे खांब कुजत नाही, उलट वाढतो. दोन वर्षांत खांबाचं झाड. (भेंडी म्हणजे भाजीची नव्हे बरं का. समुद्रकाठचं मोठं झाड, त्याचं फूल सकाळी पिवळं आणि संध्याकाळपर्यंत लालसर.) खुंटांच्या मध्ये निगडी, अडुळसा, मेंदी, कुठे शेर. यांतल्या काहींना गुरं तोंड लावत नाहीत, काही औषधाला लागतात. त्यावर काटेरी फांद्या आडव्या. येण्याजाण्याला बेडं, म्हणजे आडव्या दांड्यांचं फाटक. आणि पावसात या सगळ्यावर पडवळ, दोडकी, घोसाळी चढवायची.

बहर बघा कसा फिरतो. फेब्रुवारीत पांगारा पानं टाकून लालभडक, शेजारी गिरीपुष्प गुलाबी. मार्च-एप्रिलमध्ये देवचाफा, जो पानांशिवाय फुलायला लागतो, आणि मोगरा. मे महिन्यात जमिनीतले लाल चेंडू. पावसात कळलावी वईवर चढते. तिची पाकळी हिरवी, मग पिवळी, मग केशरी, मग लाल, म्हणजे जेकिलचा अख्खा बॉर्डर एका फुलात. (सुंदर आहे पण विषारी आहे, मुलांना आधी सांगून ठेवा. तमिळनाडूचं हे राज्यफूल.) श्रावण-भाद्रपदात न्हाणीच्या मागे सोनटक्का, वईच्या पायथ्याशी तेरडा. तेरडा खरं तर एका हंगामाचा, पण शेंगा फुटून बी स्वतःच उडवतो, त्यामुळे तो दरवर्षी बोलावल्याशिवाय येतोच. त्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण इथे तो दीड महिना हटत नाही. थंडीत अबोली आणि कोरांटी. जास्वंद आणि सदाफुली बारा महिने, मधल्या भोकांत भरायला.

हे आपोआप जमलं असेल असं मला आधी वाटायचं. मग आजीचं एक वाक्य आठवलं, ती काकीला सांगायची: "देवाची फुला शेजाऱ्याकडे मागूची नाय." वाक्य साधं, पण त्याचा अर्थ असा की वर्षाच्या प्रत्येक सणाला, प्रत्येक वाराला आपल्या वईवर काहीतरी उमललेलं असलं पाहिजे. आता हे नियोजन नाही तर काय? गौरीला तेरडा लागतो. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधायची तर कवंडाळ, कांगणी, शेरवाड, हरणाची फुलं लागतात. यांतलं बरंचसं रानातून आणायचं, पण रान लांब असलं तर वईवर जे असेल ते. तुळशीच्या लग्नाला वृंदावनाभोवती काही असावं. केसांत माळायला रोज अबोली. जेकिलने रंगांवरून मांडणी केली, आजीने पंचांगावरून. तिला कधी कोणी बागकाम येतं असं म्हटलं नाही. घरकाम म्हटलं.

आणखी एक साम्य आहे, ते मला या वेळी पुस्तक पुन्हा चाळताना दिसलं. सगळे म्हणतात जेकिलचा बॉर्डर वर्षभर फुलायचा. तसं नव्हतं. एकच पट्टा वर्षभर चांगला दिसत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. मोठा बॉर्डर जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा. वसंताची बाग वेगळी, जूनची वेगळी, शरदातल्या ॲस्टरची जागा वेगळी. ज्या कोपऱ्याचा हंगाम असेल तिकडे फिरायला जायचं. आणि मोठ्या पट्ट्यातही ती युक्त्या करायची: डेल्फिनियम सरलं की मागच्या वेली त्याच्यावर ओढून घ्यायची, भोक पडलं की लिलीची कुंडी तिथे ठेवून द्यायची.

आमच्या घराला चार बाजू आणि चार हंगाम, हे मला तेव्हा उमगलं. रस्त्याची बाजू पांगारा-चाफ्याची, म्हणजे उन्हाळ्याची. शेजाऱ्याकडची वेलींची, पावसाळ्याची. न्हाणीचं पाणी जिथे मुरतं ती मागची बाजू सोनटक्का, कर्दळ, अळू आणि अबोलीची, कारण पाऊस थांबल्यावरही तिथे ओल असते, म्हणून भाद्रपदापासून शिमग्यापर्यंतची फुलं तिथून यायची. आणि चौथी बाजू समुद्राची. तिच्याबद्दल नंतर बोलू.

आधी ही झाडं आली कुठून ते. आपण यांना जुनी, आपली, देवाची म्हणतो. त्यातली निम्मी परदेशी आहेत. देवचाफा अमेरिका खंडातला. कर्दळ तिकडची, गुलबाक्षी तिकडची, निशिगंध मेक्सिकोचा, झेंडूही तिथलाच, सदाफुली मादागास्करची. गिरीपुष्प मध्य अमेरिकेतलं. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या शतकांत जहाजांमधून काजू, अननस, मिरची आली, तशीच फुलंही आली. गुलबाक्षीचं तर नावसुद्धा फारसी गुल-ए-अब्बास वरून आलेलं. उलट प्रवासही झाला. आपला सोनटक्का हिमालयाकडचा, तो कॅरिबियन समुद्रापलीकडे गेला आणि क्यूबाचं राष्ट्रीय फूल होऊन बसला.

या किनाऱ्यावरच्या झाडांची सगळ्यात थोर नोंद केली डचांनी. सतराव्या शतकात त्यांची वखार इथून दक्षिणेला वेंगुर्ल्यालाही होती, पण हे काम झालं कोचीनला. तिथला डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला. त्यात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्यासोबत तीन कोंकणी वैद्यांचा हात होता: रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट. त्यांनी 1675 मध्ये दिलेलं प्रमाणपत्र त्यात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. कोकणी माणसाचं झाडांबद्दलचं ज्ञान, नागरी लिपीत, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या डच ग्रंथात. मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले होते.

इंग्रजी अमदानीत थिओडोर कुक यांची 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' 1901 ते 1908 या काळात भागाभागांनी निघाली. शेवटच्या भागाचं साल आणि जेकिलच्या पुस्तकाचं साल एकच, 1908. योगायोग आहे, पण मला आवडतो. मात्र अशा ग्रंथांची मांडणी कुळांप्रमाणे असते. अबोली, अडुळसा आणि कोरांटी एकाच कुळातली, म्हणून पुस्तकात ती शेजारी शेजारी. आमच्या परसात अबोली न्हाणीपाशी, अडुळसा वईत आणि कोरांटी तुळशीजवळ. का, ते कुळावरून कळत नाही. झाडाचं नाव, उपयोग, पाकळ्या, सगळं लिहिलं गेलं. कोण कोणाच्या शेजारी आणि कधी, हे ज्या बायकांना माहीत होतं त्यांना कोणी विचारलं नाही. जेकिलला लिहिता येत होतं आणि छापणारा मिळाला, एवढाच फरक मला दिसतो.

आता चौथी बाजू. समुद्राकडे आमची वई नाहीच, म्हणजे माणसाने बांधलेली नाही. सगळ्यात पुढे वाळूवर पसरते मर्यादवेल. काय नाव आहे! जांभळी, गारवेलीसारखी फुलं, बकरीच्या खुरासारखं पान. जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर ही असते, कारण तिचं बी खाऱ्या पाण्यावर तरंगत जातं. पण समुद्राची मर्यादा दाखवणारी वेल हे नाव आपलं. बॉर्डर या शब्दाचं इतकं चांगलं मराठी मला दुसरं सापडलेलं नाही. तिच्या सोबतीला रावणाच्या मिशा, म्हणजे ते टोकदार गवत. दोघं मिळून उडती वाळू धरून ठेवतात. त्यामागे केवडा, मग उंडी, जिच्या बियांच्या तेलावर पूर्वी दिवे जळायचे. आणि त्याच्यामागे, वारा मोडल्यावर, माड आणि घर.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं. 16 मे. मालवण परिसरात ज्यांनी ते पाहिलं त्यांना मी काय सांगणार. मी तेव्हा पुण्यात अडकले होते, दादा फोनवर होता, मग फोनही गेला. आठवड्यांनी पोचले तेव्हा आमचे चार माड आडवे होते आणि उरलेली सगळी पानं खाऱ्या वाऱ्याने भाजल्यासारखी तपकिरी. केवड्याची दाटी मात्र फाटूनही जागेवर होती आणि उंडी उभी होती. ओळखीच्या एका घराची नवी भरीव भिंत एका बाजूने पडली होती, खालची वाळू पाण्याने ओढून नेली होती. भरीव भिंत वारा अडवते आणि तो वरून उसळून पलीकडे आपटतो. वई वारा गाळते. जुलैमध्ये काकीचा फोन आला: सोनटक्का वर आलाय. वरचं सगळं गेलं होतं, खालचं शाबूत होतं.

इथे भाग संपवला तर फार सोपं होईल. वई चांगली, भिंत वाईट. पण दादाचंही ऐकायला हवं, आणि तो काही चुकीचं बोलत नाही. वई दरवर्षी बांधावी लागते. आजोबांच्या वेळी घरात सात माणसं होती, आता दोन, आणि काकीचे गुडघे गेलेत. मजुरी परवडत नाही, मजूर मिळतही नाही. पावसात वेलींच्या गचपणात साप असतात, पाहुण्यांच्या मुलांना काही झालं तर? शिवाय एक गोष्ट जी वईबद्दल हळवं होणारे कधी सांगत नाहीत: वई सरकते. जिवंत खुंट दर वर्षी थोडा इकडे, थोडा तिकडे रोवला जातो. दहा वर्षांत हात-दीड हात जमीन हलते. कोकणात वईवरून भावाभावांत बोलणं तुटलेलं मी स्वतः पाहिलंय, आमच्याच घरात. मोजणी करून एकदा गडगा घातला की तो वाद मिटतो. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यापासून इथल्या वीतभर जमिनीलाही भाव आहे, तेव्हा हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

लॉन मात्र मला मान्य नाही, ते मी सरळ सांगितलं. या वाळूत लॉन म्हणजे विहिरीचं गोडं पाणी उन्हाळाभर गवताला घालायचं. काचगृहातल्या गालिच्याचीच ही आवृत्ती, रॉबिन्सनला चिडवणारी.

शेवटी काल रात्री मी आणि दादा पडवीत कागद घेऊन बसलो. शेजाऱ्याच्या बाजूला गडगा, मोजणी झाल्यावर, पण कमरेइतकाच आणि आतून वेलींना मांडव. रस्त्याच्या बाजूला पांगाऱ्याचे नवे खुंट, मध्ये चाफा आणि जास्वंद. ते एकदा लागले की वर्षाला एक छाटणी पुरे. समुद्राच्या बाजूला काहीच करायचं नाही, आणि पाहुण्यांना दर्या दिसावा म्हणून केवडा तोडायचा नाही. यावर दादाने बराच वेळ वाद घातला आणि मग एक पायवाट वाकडी काढायचं ठरलं. वाकडी, कारण सरळ वाटेने वारा सरळ घरात येतो. मागे न्हाणीच्या पट्ट्यात सोनटक्का पुढे, कर्दळ मागे, कडेला अबोली, आणि पाऊस संपल्यावर सुकणाऱ्या रानहळदीच्या जागी कुंडीतली शेवंती आणून ठेवायची. ही कुंडीची युक्ती मुनस्टेडवरून आणलेली.

मी नकाशा रंगवून सकाळी काकीला दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला. म्हणाली, "गो बाय, ह्या कागदार तुळस खय आसा?"

विसरले होते. तुळस काढली. तिने पुन्हा पाहिलं.

"आणि कपडे वाळत खय घालूचे?"

मग अबोली तीन हात डावीकडे सरकली, आणि चाफा दोरीच्या खांबासाठी आहे तिथेच राहिला. दादाने आत्ताच चिरेवाल्याला फोन करून गाडी निम्मी सांगितलीय. पांगाऱ्याच्या फांद्या उद्या तोडायच्या आहेत, तेव्हा इथेच थांबते.